सहा टायरांचा हिशेब

खाणीतल्या अजस्र डंपरचा फोटो मोबाइलवर फिरत येतो, तेव्हा त्यात टायरशेजारी एक माणूस हमखास उभा असतो. टायर त्याच्या दुपटीहून उंच. लोक "बापरे" म्हणतात आणि पुढच्या फोटोकडे वळतात. माझं लक्ष मागच्या जोडटायरांमधल्या फटीकडे जातं. तिथे दगड अडकून बसू नये म्हणून एक लोखंडी दांडा लोंबत सोडलेला असतो. तो जागेवर आहे का, वाकलाय का, हे मी आधी बघतो. चंद्रपूर-वणी पट्ट्यातल्या खुल्या कोळसा खाणीच्या वर्कशॉपात नोकरी काढलेल्या माणसाची नजर अशीच होते, त्याला इलाज नाही.

हायवेवरच्या ट्रकला शंभर बंधनं असतात. रुंदी इतकीच, उंची इतकीच, एका अ‍ॅक्सलवर वजन इतकंच. खाणीतल्या डंपरला यातलं काही लागू नाही. तो सार्वजनिक रस्त्यावर कधी येतच नाही. कारखान्यातून सुट्या भागांत ट्रेलरवरून येतो, खाणीतच जोडला जातो आणि बहुतेक वेळा तिथेच भंगारात निघतो. मग डिझाइन करणाऱ्याला मोकळं रान मिळालं असेल, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात त्याच्या कागदावर पहिला आकडा तो स्वतः लिहीत नाही. एक टायर किती वजन पेलेल, हा तो आकडा, आणि तो टायरवाला देतो. बाकीचा डंपर त्या आकड्याच्या वर उभा करायचा असतो.

आमच्याकडे चालायच्या १०० टनी वर्गाचं उदाहरण घेतो. (हे शंभर टन अमेरिकी, आपल्या मेट्रिक हिशेबात ९१ च्या आसपास.) असा डंपर रिकामा साधारण ७२ टनांचा, भरला की १६३ टनांचा. टायर सहा : पुढे दोन, मागे चार. टायर सगळे एकाच मापाचे, म्हणजे भरल्यावर प्रत्येकावर सारखंच वजन यायला हवं, सुमारे २७ टन. त्यासाठी पुढच्या अ‍ॅक्सलवर एकूण वजनाचा एक तृतीयांश आणि मागच्यावर दोन तृतीयांश पडला पाहिजे. पण रिकाम्या डंपरचं वजन तर पुढे-मागे जवळजवळ निम्मं निम्मं असतं, कारण इंजिन आणि केबिन पुढे. तेव्हा ९१ टनांच्या मालातला फक्त पाचवा हिस्सा पुढे जावा आणि बाकीचा मागे राहावा, अशा बेताने डाला, म्हणजे माल भरायचा हौदा, बसवायचा. मालाचा गुरुत्वमध्य मागच्या अ‍ॅक्सलच्या किंचित पुढे, एखाद्या मीटरवर.

कागदावर हे सोपं दिसतं. पण माल टाकतो शॉवेलवाला, म्हणजे मोठ्या बकेटने माल उचलून डाल्यात ओतणारं यंत्र चालवणारा. या डंपरच्या दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर साडेचार मीटरच्या आसपास असतं. शॉवेलवाल्याने सगळा माल एक मीटर मागे टाकला, तर पुढच्या चाकांवर जायचे ते वीस टन मागे सरकतात. पुढची चाकं तितकीच हलकी राहतात जितकी रिकाम्या गाडीची असतात आणि मागच्या प्रत्येक टायरवर २७ ऐवजी ३२ टन बसतात. आमच्याकडे एक जुने ऑपरेटर होते, सगळे त्यांना मामा म्हणत. हा सगळा हिशेब त्यांना बुडाखालच्या सीटवरून कळायचा. रॅम्पच्या पायथ्याशीच वॉकी-टॉकीवर आवाज यायचा, "साहेब, स्टेरिंग हलकं लागून राहिलं. मागे टाकला ना माल त्यानं." वजनाचा प्रिंट काढून बघितला तर एकूण वजन अगदी बरोबर असायचं. चूक वजनात नव्हतीच, जागेत होती.

डंपरला वजन कळतं ते सस्पेन्शनमुळे. रस्त्यावरच्या ट्रकसारखे पाटे इथे नसतात. चारही कोपऱ्यांना जाडजूड नळकांडी असतात, त्यांत खाली तेल आणि वर नायट्रोजन वायू. माल पडला की वायू दाबला जातो, आणि तो दाब मोजला की वजन निघतं. डाल्याच्या बाजूला दिवे असतात. शॉवेलवाल्याला ते बघून समजतं की आणखी एक बकेट टाकायची की थांबायचं. कॅटरपिलर या डंपर बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीने यासाठी एक दंडक घालून दिलाय : दहापैकी एकाहून जास्त फेऱ्या ठरल्या वजनाच्या दहा टक्क्यांपलीकडे जाऊ नयेत, आणि वीस टक्क्यांपलीकडे तर एकही फेरी जाऊ नये. शिफ्टच्या शेवटी टनेज कमी पडत असलं की हा दंडक कुणाला आठवतो, हे कुठल्याही वर्कशॉपवाल्याला विचारा.

ही सगळी ठेवण ज्याच्या डोक्यातून निघाली, त्या इंजिनिअरचं नाव राल्फ क्रेस. त्याच्या आधी, १९३० च्या दशकापासून अमेरिकेत ओहायोतली युक्लिड कंपनी मातीकामाचे आणि खाणीचे खास ट्रक बनवत होतीच. पण त्यांची मूळ घडण रस्त्यावरच्या ट्रकचीच होती, फक्त सगळं जाड केलेलं. इंजिन पुढे, त्यामागे केबिन, त्यामागे लांबलचक सपाट डाला, खाली पाटे. क्रेस १९५० च्या दशकात लेटूर्नो-वेस्टिंगहाउस या अमेरिकी कंपनीत आला आणि त्याने पाटी पुसून नवी आखणी केली. केबिन इंजिनच्या मागे न ठेवता शेजारी नेली, त्यामुळे गाडीची लांबी कमी झाली. डाल्याचा तळ सपाट न ठेवता व्ही-आकाराचा केला, त्यामुळे माल मधोमध आणि खाली बसायला लागला. पाटे काढून वायू-तेलाची नळकांडी लावली. त्या गाडीचं नाव हॉलपॅक. आपल्या कोळसा पट्ट्यातले जुने लोक कुठल्याही कंपनीच्या मोठ्या डंपरला सर्रास हॉलपॅक म्हणत, ते तिथून आलं. पुढे क्रेस कॅटरपिलरकडे गेला आणि १९६३ मध्ये त्यांचा ३५ टनी ७६९ बाजारात आला. आज कुठल्याही देशाचा, कुठल्याही कंपनीचा डंपर समोर उभा करा : डाव्या खांद्यावर केबिन, बाकी जागा इंजिनची, मागे व्ही-तळाचा डाला. साठ-पासष्ट वर्षांत तोंडवळा बदललेला नाही. यंत्रांच्या जगात इतकी टिकलेली आखणी मला तरी फार थोड्या ठिकाणी दिसते.

टायरचं वजनानंतरचं दुसरं दुखणं म्हणजे उष्णता, आणि ते आमच्या भागात जास्तच भोगायला मिळतं. वजनाखाली टायर प्रत्येक फेऱ्यात दबतो आणि पुन्हा फुलतो. त्यात आत ऊब तयार होते. रबरातून उष्णता सहजी बाहेर पडत नाही, आणि टायर जितका जाड तितकी ती आत कोंडते. एका मर्यादेनंतर रबर आतून पुन्हा कच्चं व्हायला लागतं, थर सुटतात. बाहेरून टायर नवाकोरा दिसतो आणि आतून गेलेला असतो. ही मर्यादा सांगायला टीकेपीएच (टन-किलोमीटर प्रति तास) नावाचा आकडा असतो. टायरवरचं सरासरी वजन टनांत, गुणिले दिवसभराचा सरासरी वेग. पुढच्या टायरवर भरल्यावर २७ टन आणि रिकामं असताना १७, म्हणजे सरासरी २२. सरासरी वेग ताशी २० किलोमीटर धरला तर ४४०. टायरवर कंपनीने दिलेला आकडा याच्या वर हवा.

आता यातली गंमत बघा. टायरचा तो आकडा हवेचं तापमान ३८ अंश धरून दिलेला असतो. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४६-४७ वर जातो, आणि खाणीच्या तळाशी, जिथे काळा कोळसा ऊन पिऊन बसलेला आणि वारा नाही, तिथली हवा वेगळीच. म्हणजे कॅटलॉगमधला टायर आमच्याकडे उन्हाळ्यात तेवढा राहतच नाही. वेग कमी करा, नाहीतर वजन. उष्णता सोसणारं रबर घ्या म्हणावं, तर ते दगडाने लवकर कापलं जातं. कापाला दाद न देणारं घ्यावं, तर ते तापतं. दोन्ही गुण एका टायरात पुरेपूर येत नाहीत. टायर निवडणं म्हणजे या खाणीत उष्णता जास्त मारेल की दगड, याचा कौल लावणं. आमच्याकडे लांब पल्ल्याच्या रस्त्याला एक टायर आणि जवळच्या पण दगडी फेसला, म्हणजे खोदकाम चालू असतं त्या जागेला, दुसरा, अशी विभागणी करायचे. ज्याने ती केली त्याला डिझाइन इंजिनिअर म्हणायला माझी हरकत नाही, जरी त्याच्या हुद्द्यात तसं काही लिहिलेलं नव्हतं.

खाणीतला रस्ता सपाट करणारं यंत्र चालवणाऱ्या ग्रेडरवाल्यालाही मी त्याच रांगेत बसवतो. हॉल रोडवर, म्हणजे डंपरच्या त्या रस्त्यावर, एका बाजूला खड्डा पडला की भरला डंपर त्यात एक चाक घालतो, तिरपा दुसरा कोपरा उचलला जातो आणि ओलं धोतर पिळावं तशी फ्रेम पिळली जाते. हे दिवसातून किती वेळा होतं ते कोण मोजतं? मग महिन्यांनी कधीतरी देखभालीच्या वेळी फ्रेमचा एखादा सांधा घासून चकचकीत करायचा, त्यावर लाल रंगाचं पातळ औषध मारायचं, थोडा वेळ थांबून पुसून टाकायचं आणि वर पांढरी पावडर फवारायची. पांढऱ्यावर सावकाश केसाएवढी लाल रेघ उमटत येते. तडा. वेल्डर एक शब्द न बोलता मार्किंगचा खडू काढतो. कुठल्या सांध्यावर ती रेघ आली हे पाहून आमचे जुने फोरमन सांगायचे की रस्ता कुठल्या वळणावर खराब आहे.

आणि हा सगळा खटाटोप कशासाठी, तर चढासाठी. आपल्या कोळसा खाणींच्या नियमांत हॉल रोडचा चढ साधारण १६ ला १ (सोळा मीटर अंतराला एक मीटर चढ) पेक्षा तीव्र नको. परदेशातल्या खाणी १० ला १ पर्यंत जातात. शंभर मीटर खोल खाणीतून भरला डंपर वर आणायला, फक्त उचलण्यापुरतं पाहिलं तर, साधारण ११ लिटर डिझेल लागतं. त्यातले जवळजवळ ५ लिटर डंपर स्वतःचं लोखंड वर आणण्यात जाळतो. म्हणून डाल्याच्या तळाच्या पोलादातून एकेक मिलिमीटर कमी करण्यासाठी लोक वर्षानुवर्षं डोकं लावतात. त्यात चाकांचा रस्त्याशी झगडा आला. घट्ट कोरड्या रस्त्यावर तो चढाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा असतो, पण पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीत चढाइतकाच होऊन बसतो. हजार अश्वशक्तीचं इंजिन असून भरला डंपर कोरड्या चढावर ताशी १७ किलोमीटरच्या वर जात नाही, तो यामुळे. ती काळी माती वरून डाल्याला चिकटते ते वेगळंच. डंप यार्डवर डाला उचलला तरी चार-पाच टन आतच राहणार आणि फुकट फेऱ्या मारणार. काही मॉडेलमध्ये इंजिनचा गरम धूर डाल्याच्या पोकळ फासळ्यांतून फिरवून सोडतात, म्हणजे तळ तापलेला राहतो आणि माती सुटते. ही युक्ती मला फार आवडते. ऊर्जा फुकट, भाग एकही हलता नाही.

इंजिनची ताकद चाकापर्यंत कशी न्यायची, यावर दोन घराणी आहेत. एक गिअरबॉक्सचं, दुसरं विजेचं. विजेच्या घराण्यात डिझेल इंजिन फक्त जनरेटर फिरवतं आणि मागच्या चाकांच्या आत बसवलेल्या मोटर गाडी ओढतात, रेल्वेच्या इंजिनासारखं. अमेरिकेतल्या युनिट रिग कंपनीचा ८५ टनी डंपर १९६३ मध्ये याच पद्धतीने यशस्वी झाला. उतारावर मोटर उलट जनरेटर होतात आणि ती वीज मोठ्या रोधकांत जाळून टाकतात. ब्रेक झिजत नाहीत. १९९० च्या दशकात एसी मोटर आल्या आणि कार्बन ब्रशची कटकट गेली. कोणतं घराणं चांगलं, यावर वर्कशॉपच्या चहावर तास तास वाद होतात. मी गिअरबॉक्सवाला, कारण बिघाड डोळ्यांना दिसतो. नव्या मुलांना लॅपटॉपवर दिसतो, त्यांना दुसरं बरं वाटतं.

मोठेपणाच्या हौसेची खरी गोष्ट टायटनची. जनरल मोटर्सच्या टेरेक्स विभागाने १९७४ मध्ये ३३-१९ टायटन नावाचा डंपर दाखवला : ३५० अमेरिकी टन माल, दहा टायर, आणि ३,३०० अश्वशक्तीचं सोळा सिलिंडरचं चक्क रेल्वेचं इंजिन. इंजिन रेल्वेचं, कारण त्या ताकदीचं दुसरं मिळत नव्हतं. टायर दहा, कारण तेवढं वजन सहांत वाटून घेणारे टायर कुणी बनवत नव्हतं. भरलेल्या टायटनचं वजन जवळपास साडेपाचशे टन, म्हणजे टायरमागे ५५. गाडी चालली, आधी कॅलिफोर्नियाच्या लोखंड खाणीत, मग कॅनडात ब्रिटिश कोलंबियातल्या स्पारवुडजवळच्या कोळसा खाणीत १९९१ पर्यंत. पण बनली एकच. मोठ्या खाणींना मंदी आली, आणि तीन-चार बकेटांत तिला भरेल असा शॉवेलही सहज मिळेना. आज ती स्पारवुड गावात प्रवाशांनी फोटो काढावेत म्हणून उभी आहे. तिचा भाराचा विक्रम मात्र पाव शतक टिकला.

तो मोडला तेव्हा टायर बदलले होते. १९९० च्या दशकाच्या शेवटी कॅटरपिलरचा ७९७ आला, तेव्हा त्याच्यासाठी ६३ इंची रिमचा नवा टायर आला होता. त्यातला आजचा मोठा टायर चार मीटर उंच आणि पाच टनांहून जड. पुढच्या ७९७ एफचं भरलेलं वजन सुमारे ६२४ टन. भागिले सहा, म्हणजे १०४ टन. मग २०१३ मध्ये बेलारूसच्या बेलाझने ७५७१० बनवला, ४५० टन माल वाहणारा, दोन इंजिनांचा, जगातला सगळ्यात मोठा. त्याचं भरलेलं वजन ८१० टन. टायर तोच ६३ इंची, पण आठ, पुढेही जोडटायर. ८१० भागिले आठ, १०१. म्हणजे जगातल्या सगळ्यात मोठ्या डंपरने टायरमागे एक टनही जास्त उचलला नाही. फक्त दोन टायर वाढवले. तेव्हापासून याहून मोठा कुणी केलेला नाही.

पण वाढ कुठे थांबली हे टायरने सांगितलं, तरी वाढ का झाली हे टायर सांगत नाही. ते सांगतो ऑपरेटरचा पगार. चारशे टनी डंपरला एक माणूस लागतो आणि शंभर टनीलाही एकच. ऑस्ट्रेलियाच्या पिलबारात किंवा कॅनडाच्या तेलवाळूच्या खाणींत एका खुर्चीसाठी चार शिफ्टची चार माणसं, त्यांचा राहण्याचा, विमानाचा खर्च धरला, तर कमी खुर्च्यांत जास्त टन न्यायचे, हेच तिथलं गणित. आपल्याकडे ते गणित उलटं लागतं. छत्तीसगडच्या गेवरासारख्या अवाढव्य खाणीत २४० टनी डंपर आहेत खरे, पण विदर्भातल्या कितीतरी खाणींत माती उचलायचं काम आता कंत्राटावर, दहा चाकांच्या हायवे टिपरनी होतं. गोव्याचं लोहखनिज खाणीपासून नदीकाठच्या धक्क्यापर्यंत दहा टनी टिपरवर, गावच्या रस्त्यांनी गेलं आणि पुढे बार्जने. ड्रायव्हर स्वस्त असला की गाडी लहान परवडते. याला मी मागासपणा म्हणत नाही, हिशेब आहे. फक्त त्या हिशेबात टिपरच्या केबिनमध्ये बारा तास बसणाऱ्या पोराच्या पाठीचा रकाना नाही, एवढंच म्हणतो. डंपरच्या सीटला निदान हवेचा सस्पेन्शन असतो.

मग खुर्चीच काढून टाकली तर? २००८ मध्ये चिलीतल्या कोडेल्को कंपनीच्या गॅब्रिएला मिस्त्राल तांबेखाणीत जपानी कोमात्सु कंपनीचे बिनड्रायव्हर डंपर कामाला लागले. पिलबारातले रिओ टिंटो या खाणकंपनीचे डंपर आज दीड हजार किलोमीटरवरच्या पर्थ शहरातून पाहिले जातात. आणि पगारच गेला, तर मोठ्या आकारामागचं निम्मं कारण जातं. उद्या चारशे टनी एका डंपरऐवजी दोनशे टनी दोन चालवले, तर एक बंद पडल्यावर निम्मंच काम थांबतं, टायर साधे लागतात, रस्ता अरुंद चालतो. २०१६ च्या लास वेगासच्या खाण प्रदर्शनात कोमात्सुने केबिनच नसलेला एक डंपर दाखवला. भार २३० टन. केबिन नाही, म्हणून पुढे-मागे असा फरक नाही. वळायची गरज नाही, जसा येतो तसाच परत जातो. सहाऐवजी चार मोठे टायर, चारही चाकांना ताकद, आणि वजन रिकामं असो वा भरलेलं, चौघांवर सारखं वाटलेलं. राल्फ क्रेसने एक तृतीयांश-दोन तृतीयांशाचा जो तोल बसवला होता, तो माणूस पुढे बसतो म्हणून बसवावा लागला होता, हे मला ते चित्र बघून पहिल्यांदा नीट दिसलं.

मामांना मी ते चित्र दाखवलं. निवृत्तीनंतर ते बल्लारपुरात असतात. त्यांनी मोबाइल लांब धरून पाहिलं आणि विचारलं, "हे बंद पडलं तं वर्कशॉपात आणते कोण?" प्रश्न त्यांनी सहज विचारला, पण तो बरोबर होता. ती बिनकेबिनची गाडी अजून प्रदर्शनातून खाणीत नित्याच्या कामाला उतरलेली दिसत नाही. आज जगभर चालणारे बहुतेक बिनड्रायव्हर डंपर म्हणजे नेहमीचेच डंपर, वर अँटेना आणि सेन्सर बसवलेले. केबिन, खुर्ची, सीटबेल्ट, एसी, स्टेअरिंग सगळं कारखान्यातून तसंच येतं, कारण सर्व्हिसिंगच्या दिवशी गाडी पिटावर घ्यायला अजून एक माणूस वर चढून बसावा लागतो, आणि तो माणूस वर्कशॉपचा असतो.